अकरा क्विंटल मोडाची नागली

"ताई, हा माल नापास," वाघचौरे म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. गोदामात बावीस पोती नागली रचून ठेवलेली, अकरा क्विंटल, दाणान् दाणा निवडलेला. खडा नाही, काडी नाही, माती नाही. वीस वर्षं किराण्याचा घाऊक धंदा केलेल्या बाईला माल कळत नाही असं कुणी तिच्याच गोदामात उभं राहून म्हणावं, आणि तेही तिच्याच हातचा चहा पिऊन? माझं डोकं मुळातच लवकर तापतं. तेव्हा तर फारच लवकर तापायचं.

"काय वाईट आहे त्यात? दाखवा मला."

वाघचौरे हे अंगणवाड्यांच्या आहाराचे तपासनीस. बारीक अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. पोत्यात खुपसलेली लोखंडी नळी त्यांनी बाहेर ओढली, तिच्यातले दाणे तळहातावर पसरले आणि खिशातलं भिंग माझ्या हातात दिलं.

"टोकाला बघा. पांढरं दिसतंय? मोड येऊन गेलेत. माल कुठंतरी भिजलाय आणि मग वाळवून पोत्यात भरलाय. कागदात लिहिलंय, अंकुरलेले दाणे शंभरात एकाहून जास्त नकोत. इथं शंभरात शंभर आहेत."

मी भिंगातून बघितलं. खरंच होतं. मी दुसरं पोतं उघडायला लावलं, तिसरं, दहावं, एकविसावं. सगळीकडे तेच.

"आता?"

"शनिवारी दुपारी बारापर्यंत दुसरी नागली लावा. नाहीतर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पोत्यांवर खडूनं फुल्या मारल्या आणि ते निघून गेले. नाहीतर काय, ते मला पाठ होतं.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर आमच्या तालुक्यातल्या अंगणवाड्यांना लांबून कुठून तरी बंद पाकिटांतला तयार आहार यायचा. लेकरं तो तोंडात घ्यायची नाहीत. आया घरी न्यायच्या आणि शेळ्यांपुढे ओतायच्या, शेळ्याही दोन दिवस विचार करायच्या. प्रकल्प अधिकारी मोकाशी मॅडम नव्यानं आल्या आणि वरच्या लोकांशी भांडून त्यांनी एक वर्षाची परवानगी आणली. नागली, हुलगा, तांदूळ, डाळ, सगळं इथल्याच बायकांच्या गटांकडून घ्यायचं. तालुक्यातल्या एका वितरकानं ते गोळा करायचं, तपासून घ्यायचं आणि एकशे बारा अंगणवाड्यांना पोचवायचं. तो वितरक म्हणजे मी, मंदाकिनी शेटे. दुकानाच्या पाटीवर नाव आमच्या ह्यांचं होतं, पण ह्यांना कुणाशी भांडता येत नाही, म्हणून धंदा मी बघायचे. गाव मला शेटीणबाई म्हणायचं.

परवानगीला एक अट होती. पहिल्या महिन्याचा सगळा माल ठरल्या शनिवारी बारा वाजेपर्यंत पास झाला पाहिजे, आणि तो गटांचाच पाहिजे. एक जिन्नस जरी अडला तरी प्रयोग फसला असं लिहून जायचं आणि वर्षभराचं काम परत पाकिटवाल्यांकडे. हुलगा पास झाला होता, तांदूळ झाला होता, डाळ झाली होती. अडली ती नागली. आणि फेब्रुवारीत दुसरी नागली आणणार कुठून? डोंगरातली सगळी नागली व्यापाऱ्यांनी केव्हाच उचलून नेली होती.

माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आलं, चिमाबाई धिंदळे. घाटावरच्या करवंदवाडीच्या गटाची अध्यक्ष. नागली तिच्या गटाची होती. मी मनातल्या मनात तिला जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

आणि बघा, अकराच्या एसटीनं चिमाबाई स्वतःच आल्या. बरोबर वाडीतल्या तिघी. चौघींनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, डोक्याला तेल, कपाळाला ठसठशीत कुंकू. आपला माल पास होताना बघायला आल्या होत्या.

"झाली का वं पास?" चिमाबाईंनी दारातूनच विचारलं.

"पास?" मी ओरडलेच. "या आत. फुल्या बघा. पास झालेल्या पोत्यावर फुल्या मारतात का? भिजलेला माल भरून पाठवलात तुम्ही! पावसात ठेवला होता की ओढ्यात?"

चिमाबाई शांतपणे आत आल्या. पन्नाशी उलटलेली बाई, काळीसावळी, ताठ. एका पोत्यातली मूठभर नागली त्यांनी घेतली, नाकाशी नेली, चार दाणे तोंडात टाकले.

"भिजली नाय. आमी भिजवली."

"काय?"

"भिजवली. लेकरांना द्यायची ना? मग मोड नको काढायला? कच्ची नागली बारक्या लेकराला बाधती. पोट गच्च व्हतं. मोडाची गोड लागती, अंगी लागती. आमी बावीस जणींनी पंधरा दिस हेच केलं. जुनी लुगडी उकळून घेतली, त्यात बांधली. मोड आल्यावर सावलीत वाळवली. मोड चोळून काढलं, पाखडलं. वजन घटलं म्हणून एकेकीनं घरातली दोन-दोन पायल्या वर घातली."

मागच्या तिघी माना डोलावत होत्या. एकीनं आपली बोटं दाखवली. मोड चोळून चोळून शेंडे सोलवटले होते.

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो पण कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"ह्ये कुणी सांगाया कशाला पायजे?" चिमाबाईंना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुमच्या लेकरांना तुमी काय घालत व्हता?"

माझ्या दोन्ही पोरांना माझ्या आईनं मोडाच्या नागलीचं सत्त्वच घातलं होतं. ते मी साफ विसरले होते. मी मालाच्या बाजूनं विचार करणारी बाई. नागली म्हटली की मला पोतं दिसायचं.

पण राग अजून पुरता उतरला नव्हता. मी टेंडरचा कागद काढून त्यांच्यापुढे नाचवला. "हा बघा कागद. यात लिहिलंय, मोड नकोत! सरकारी कागद आहे, तुमच्या-माझ्या मनानं चालत नाही."

चिमाबाईंनी कागदाकडे बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "लई मोठा हाये."

"आठ पानी आहे."

"आठ पानांत लेकरांच्या पेजेचं कायबी लिव्हलं नाय?"

"नाही लिहिलं."

"समदा वाचला तुमी?"

"चिमाबाई, वीस वर्षं मी असले कागद वाचतेय!"

"मंग वाचून दावा आमाला."

मी हट्टाला पेटले. म्हटलं, हिची एकदाची खात्रीच करून देते. पोत्यावर बसले आणि पहिल्या जिन्नसापासून मोठ्यानं वाचायला लागले. तांदूळ. तूरडाळ. नागली, अंकुरलेले दाणे शंभरात एक. हुलगा. मीठ. चौघी पदर सावरून समोर बसल्या होत्या, देवळात कीर्तनाला बसावं तशा. पान उलटलं, पुढे गेले. जिन्नस सहा, सात, आठ. त्याच्या पुढचं पान मी आजवर वाचलंच नव्हतं. आपण जे पुरवायचं ते आठव्या जिन्नसापर्यंत संपलं, पुढचं आपल्या कामाचं नाही असं धरून मी कागद मिटून ठेवला होता. व्यापाऱ्याची खोड. आपल्या दुकानात नाही ते जगात नाही.

"नऊ," मी वाचलं आणि थांबले.

"काय नऊ?"

"जिन्नस नऊ. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी. मोड आणून, वाळवून, दळलेले नागलीचे पीठ."

मग चिमाबाई उठल्या, लुगड्याला लागलेला भुसा झटकला आणि म्हणाल्या, "मंग दळायचंच बाकी ऱ्हायलंय की."

मी मोकळ्या मनानं सांगते, चूक त्यांची नव्हतीच. चूक माझी होती. बावीस बायकांनी न वाचता जे केलं ते त्या कागदात होतं, आणि वाचता येणाऱ्या बाईनं ते वाचलं नव्हतं. पण हे कबूल करायला तेव्हा मला वेळ नव्हता. मी चिमाबाईंचा हात धरला आणि आम्ही दोघी तरातरा प्रकल्प कार्यालयात गेलो.

मोकाशी मॅडम जेवणाचा डबा उघडत होत्या. वाघचौरे शेजारच्या टेबलावर आमचाच अहवाल लिहीत होते. मी श्वास न घेता सगळं सांगितलं. मॅडमनी डबा बंद केला.

"नऊ नंबर?" त्या म्हणाल्या. "शेटेबाई, नऊ नंबरला मला आख्ख्या जिल्ह्यात कुणी मिळालं नाही. तीन वेळा जाहिरात काढली. सगळे म्हणाले, मोड काढत कोण बसतो. बारकी मुलं तशीच राहिली आहेत माझी."

"मग घ्या ना हे!"

"मॅडम, पण तपासणी नागलीच्या दाण्याची लावलीय," वाघचौरे हळूच म्हणाले. "जिन्नस बदलायचा तर..."

"बदलता येतो," मॅडम म्हणाल्या. "नागलीच्या दोन्ही जिन्नसांपैकी एक लागला तरी चालेल, हे मीच घालून घेतलंय. पण शनिवार बारा ही वेळ माझ्या हातात नाही. पीठ बारीक चाळणीतून गेलं पाहिजे. आणि सहा महिन्यांचं लेकरू खाणार आहे, तेव्हा दुसऱ्या कशाचा कण चालणार नाही. अकरा क्विंटल दळून, चाळून, भरून, शनिवारी बाराच्या आत. जमेल?"

मी तोंड उघडायच्या आत चिमाबाई म्हणाल्या, "जमंल."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "अहो, जमंल म्हणालात, अकरा क्विंटल म्हणजे किती होतं माहीत आहे का?"

"मला नसंल म्हाईत व्हय? आमीच डोक्यावरनं उतरवली डोंगरावरनं."

गावात दळणाची मोठी गिरणी एकच, रज्जाकभाई मुजावरांची. दोन चक्क्या. एक धान्याची, एक मिरची-मसाल्याची. आम्ही गेलो तेव्हा रज्जाकभाई पिठानं पांढरे होऊन पट्टा बसवत होते. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"वहिनी, नागली बारीक दळायची तर तासाला साठ किलो. अठरा-एकोणीस तास लागतील. वीज मिळते आठ तास. उद्या शुक्रवार, आठवडे बाजार. एका चक्कीवर होत नाही हे."

"दोन्ही चक्क्यांवर घ्या."

"दुसरी मिरचीची आहे."

"धुऊन घ्या."

ते हसले. "मिरचीची चक्की धुऊन जात नसते, वहिनी. दगड बदलावे लागतात. नवे दगड आहेत माझ्याकडे, पण ते मी मिरचीचा हंगाम संपल्यावर बसवणार होतो. हंगाम आत्ता सुरू आहे. उद्या निम्मा तालुका मिरची घेऊन येईल दारात."

मी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते. सासऱ्यांपुढेही नाही. त्या दिवशी जोडले. चिमाबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

रज्जाकभाईंना अवघडल्यासारखं झालं. "हात खाली घ्या हो वहिनी, बरं दिसत नाही. लेकरांचं दळण आहे, मिरची थांबेल एक दिवस. पण लोक मला शिव्या देतील, त्या कोण खाणार?"

"मी खाईन," मी म्हटलं.

त्याच दुपारी, वीज जायच्या आत, त्यांनी मिरचीच्या चक्कीचे दगड उतरवले. पेटी घासली, वरचं तोंड घासलं, पत्रा गरम पाण्यानं तीनदा पुसला, नवे दगड बसवले आणि पाच किलो तांदूळ दळून काढला. चिमाबाईंनी त्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवली, थांबल्या, आणि म्हणाल्या, "तिखट."

"कुठं तिखट?" रज्जाकभाईंनी स्वतः चाखलं. "काही नाही."

"तुमची जीभ मिरचीत मुरलीय. तिखट हाये."

पुन्हा पुसलं, पुन्हा तांदूळ. "अजून हाये." पुन्हा. रज्जाकभाई घामाघूम झाले, पण गड्यानं तोंडातून ब्र काढला नाही. चौथ्या खेपेला चिमाबाईंनी पीठ ओठांना आतून चोळलं, डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"आता गोड," त्या म्हणाल्या, आणि माझ्या जिवात जीव आला.

शुक्रवारी सकाळी वीज आली आणि दोन्ही चक्क्या सुरू झाल्या. पहिल्या एसटीनं करवंदवाडीच्या उरलेल्या बायकाही उतरल्या. बावीसच्या बावीस. गिरणीच्या मागच्या पडवीत त्यांनी धुतलेली धोतरं अंथरली आणि चाळण्या घेऊन बसल्या. मी ठरल्याप्रमाणे दारात.

काय सांगू तुम्हाला! सकाळपासून मिरचीचे डबे, पिशव्या, गाठोडी घेऊन माणसं यायला लागली. "गिरणी बंद का?" "गिरणी बंद नाही, मिरची बंद आहे." "का?" "लेकरांचं दळण आहे." एक आजीबाई तर मला म्हणाल्या, "लेकरांना आतापात्तर काय उपाशी ठेवलं व्हतं का? आजच बरं सुचलं!" एकानं विचारलं, गिरणी विकत घेतली काय शेटीणबाईनं. एरवी अशा बोलण्याला मी दोनाचे चार शब्द परत दिले असते. त्या दिवशी मी नुसती हसत होते. दुपारपर्यंत माझे गाल दुखायला लागले.

मग दुपारनंतर गंमत झाली. पाठीला लेकरू बांधलेली एक बाई मिरचीची पिशवी घेऊन आली होती, ती पडवीत डोकावली. चिमाबाईंनी तिला बसवलं. मापटंभर पाण्यात मूठभर पीठ कालवलं, चुलीवर शिजवलं, थोडा गूळ टाकला आणि वाटीत तिच्या लेकराला भरवलं. त्या पोरानं वाटी संपवली आणि रिकाम्या वाटीवर थापा मारायला लागलं. त्या बाईनं मिरचीची पिशवी तिथंच ठेवली आणि चाळायला बसली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. तीन वाजता मला शिव्या द्यायला दारात कुणीच उरलं नव्हतं. सगळ्या आत बसल्या होत्या. रज्जाकभाई मला म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीही बसा, तुमचं काम संपलं."

पण चारला वीज गेली तेव्हा एकशे चाळीस किलो शिल्लक होती.

शनिवारी सकाळी वीज आठला यायची ती आली नाही. साडेआठ झाले. नऊ झाले. चक्क्या गप्प, बायका गप्प. मी गिरणीच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. चिमाबाई मात्र आधीच्या पिठाच्या पिशव्या बांधत होत्या. गाठ मारायची, थोपटायची, बाजूला ठेवायची.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी चिडून विचारलं.

"वाटती की," त्या म्हणाल्या. "वाडीतल्या बायकांनी पंधरा दिस घरची कामं सोडून मोड काढलं ते माझ्या शब्दावर. ही परत न्यावी लागली तर मी कुनाच्या दारात जाऊ? पन हात चालू असले म्हंजी भ्याव कमी वाटतं. तुमीबी बांधा."

मी बांधायला बसले. साडेनऊला पट्टे फिरले. गिरणीत असा काही जल्लोष झाला की बाजारपेठेतली माणसं बघायला आली.

पावणेअकराला शेवटची मूठ चक्कीत पडली. सव्वाअकराला माझ्या गोदामात पिशव्यांची थप्पी लागली. मोकाशी मॅडम आणि वाघचौरे तोवर येऊन थांबले होते. वाघचौरेंनी दहा ठिकाणच्या पिशव्या सोडल्या. पीठ चाळणीत घातलं, गाळ तपासला, ओलावा मोजायचं यंत्र लावलं, भिंग लावलं. मग चिमाबाईंनी शिजवलेली पेज चमच्यानं खाल्ली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. कागद काढला, पेन उघडलं आणि थांबले.

मी पुढे सरकले. "आता काय?"

"ताई, पीठ चांगलंच आहे," ते म्हणाले. "पण नऊ नंबरचे रकाने रिकामे आहेत. आजवर कुणी पुरवलंच नाही, त्यामुळे ते कसं असावं हे वरून कुणी लिहूनच पाठवलं नाही. किती भिजवायचं, मोड केवढा, काहीच नाही. कशाशी ताडून पास करू?"

घड्याळात अकरा पन्नास झाले होते. सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी चिमाबाईंकडे बघितलं.

"रकाने भरायचा अधिकार प्रकल्प अधिकाऱ्याला आहे," मॅडम म्हणाल्या. "जाणकाराला विचारून. वाघचौरे, बाईंकडून लिहून घ्या. मी सही करते."

"माझ्याकडनं?" चिमाबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडून. किती वेळ भिजवायची?"

चिमाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. घसा खाकरला. "दिवेलागणीला भिजत घालायची, उजाडलं की उपसायची."

"बारा तास," वाघचौरेंनी लिहिलं. "मोड?"

"थंडीत दोन दिस, उन्हाळ्यात एक. नखाच्या पांढऱ्या टोकायेवढा आला की बास. त्याच्या म्होरं कडू व्हती. ह्ये लिव्हा, लई म्हत्त्वाचं हाये."

"लिहिलं."

"वाळवायची सावलीत. उन्हात नाय. लिव्हलं?"

"लिहिलं, बाई."

"आन् मिरचीच्या चक्कीवर दळायची नाय. चाखून बघायची. जिला मिरचीची सवय नाय तिनं चाखायची."

कोपऱ्यातून रज्जाकभाई खुदकन हसले. वाघचौरेंनी तेही लिहिलं. मग त्यांचं पेन शेवटच्या रकान्यावर अडलं, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "अंकुरलेले दाणे शंभरात किती?"

चिमाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, अडाणी पोराकडे बघावं तशा.

"शंभरात शंभर," त्या म्हणाल्या.

वाघचौरे आधी कागदाकडे बघत राहिले, मग खडूच्या फुल्यांच्या रिकाम्या पोत्यांकडे, आणि मग तो सावकाश माणूस पहिल्यांदा मोठ्यानं हसला. गोदाम हसलं. मॅडमनी सही केली, वाघचौरेंनी शिक्का मारला. अकरा वाजून सत्तावन्न मिनिटं. वर्षभराचं काम गटांचं झालं. आणि नऊ नंबरचा पुरवठा, आख्ख्या तालुक्याच्या बारक्या लेकरांचा, करवंदवाडीचा.

बायकांनी आरडाओरडा केला, फुगडी धरली. मी थप्पीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. वीस वर्षांत एवढा माल घेतला, एवढा विकला, पण एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. खोटं कशाला सांगू.

"रडता काय शेटीणबाई," चिमाबाई म्हणाल्या. "टेम्पू भरायचाय."

सोमवारी सकाळी टेम्पो निघाला. जवळच्या अंगणवाडीपासून सुरुवात करायची हा आमचा रिवाज. मी तो मोडला. ड्रायव्हरला म्हटलं, आधी घाट चढायचा, शेवटच्या टोकापासून वाटत खाली यायचं. चिमाबाईंना मी माझ्याजवळ पुढच्या बाकावर बसवलं आणि पोचपावत्यांचं पुस्तक त्यांच्या मांडीवर दिलं.

करवंदवाडीची अंगणवाडी म्हणजे एक पत्र्याची खोली. दारात लेकरं गोळा झाली होती, कडेवरची बारकी घेऊन त्यांच्या आयाही आल्या होत्या. सेविका पदर खोचून धावत आली. विशीतली चुणचुणीत पोरगी. टेम्पोत कोण बसलंय ते बघून तिचा चेहरा फुलला.

"अगं बया, आत्याबाई! उतरा की! च्या ठेवते."

तेव्हा मला कळलं की ही चिमाबाईंची सून. इतक्या दिवसांत बाईंनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

चिमाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं, पावती सरळ आहे ना हे मला खुणेनं विचारलं आणि ते खिडकीतून सुनेपुढे धरलं.

"च्या मागनं. आधी पिशव्या मोजून घे."

सून गोंधळली, हसली, मग तिला सासूचा चेहरा दिसला आणि तिनं मुकाट्यानं मोजल्या. एक-एक करत, मोठ्यानं. वाडीतल्या बायाबापड्या भोवती उभ्या राहून ऐकत होत्या. मोजून झाल्यावर तिनं पावतीवर सही केली.

चिमाबाईंनी सही नीट निरखून पाहिली.

"खाली तारीख घाल," त्या म्हणाल्या.